नाव नसलेली बटणं

सोमवार, ३ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. डोक्यात ठेवलं की ते तिथेच घिरट्या घालतं.

साहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं की गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपचं ऑटोमेशन माझ्याकडे. सगळे म्हणजे आम्ही चौघं. अकरा वर्षं मी फोन हातात धरून बोटाने टेस्टिंग केलंय. बटण दाबा, काय होतं बघा, चुकलं तर लिहा. आता तेच काम स्क्रिप्टने करायचं. मी एकदा लिहून द्यायचं आणि टेबलावरच्या स्टँडमधल्या तीन फोनांनी आपापलं दाबत बसायचं. त्यात सोर्स कोड नाही! क्लायंटच्या डेव्हलपरांनी तयार अ‍ॅप पाठवलं आणि हात झटकले. आत काय शिजतंय ते आम्हाला कळणार नाही, बाहेरून दिसेल त्यावर पास-नापास ठरवायचं. तारीख चोवीस.

"जमेल ना?" साहेब म्हणाले.

"हो," मी म्हटलं. हे "हो" कुठून आलं कोण जाणे.

बाबांना सांगितलं. आई गेल्यावर त्यांना इकडे आणलं त्याला पाच महिने झाले. ते नोकरीत होते तेव्हा दुकानांमधली वजनमापं तपासायचे. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात नवीन काय? आम्ही काटा कधी उघडला? त्याला सील असायचं. वजन ठेवायचं, काटा काय दाखवतो बघायचं. फक्त वजन आपलं न्यायचं. दुकानदाराच्या वजनांना त्याचा काटा बरोबरच दाखवतो."

बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्याकडे बघत होते. हल्ली असंच करतात. त्यांचं घर बंद करायला लावलं म्हणून अजून रुसलेत बहुतेक.

बुधवार, ५ मार्च

पहिली अडचण.

स्क्रीनवर जे जे असतं त्याला आतून एक नाव द्यायचं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी फोन स्क्रीन वाचून दाखवतो, तो आवाज ही नावं वाचतो. आमची स्क्रिप्टही त्याच नावांवर जगते: "घेतली नावाचं बटण शोध, दाब." कोड नसला तरी चालतं ते यामुळे.

आणि या अ‍ॅपच्या मुख्य स्क्रीनवर, गोळीची वेळ झाली की येते तिच्यावर, दोन बटणं आहेत. एकावर बरोबरची खूण, म्हणजे गोळी घेतली. दुसऱ्यावर घड्याळ, म्हणजे नंतर घेतो. दोन्ही नुसती चित्रं. नावाच्या जागी काहीही नाही. स्क्रिप्टला दिसतं ते एवढंच: बटण, बटण.

डेव्हलपरला फोन केला. "मॅडम, बरोबरची खूण दिसतेय ना? मग नाव कशाला?" आणि आता काही बदलणार नाही, चोवीसपर्यंत हात रिकामे नाहीत.

मग मी स्क्रिप्टला जागा सांगितली. डावीकडचं बटण दाब. चाललं. हिरवं आलं, म्हणजे पास. यादीत नोंद केली, "दोन बटणांना नाव नाही", आणि पुढे गंभीर, मध्यम, किरकोळ यांतलं "किरकोळ" निवडलं.

शेजारच्या टेबलावर शंकासूर बसतो. त्याचं हे नाव साहेबांनीच ठेवलंय आणि त्याला ते आवडतंही. तो म्हणाला, "उद्या त्यांनी बटणांची अदलाबदल केली तर?"

"तर लाल येईल."

"किंवा हिरवंच येईल आणि दाबलेलं दुसरंच असेल."

त्याला म्हटलं, तू तुझा डबा खा.

शुक्रवार, ७ मार्च

क्लायंटकडच्या बाईंची विनंती आली. घरातलं कुणी रोज गोळ्या घेत असेल तर त्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकून बघा. बाबांच्या फोनवर टाकलं.

फोन हातात घेतला तर तो बडबडायला लागला. कुठेही बोट ठेवा, वाचून दाखवतोय. काहीतरी चुकून सुरू झालं असणार. मी बंद केलं.

"असू दे," बाबा म्हणाले. "करमणूक होते."

"कसली करमणूक! डोकं उठतं."

मग त्यांना शिकवलं. वाजलं की गोळी घ्यायची आणि डावीकडचं बटण दाबायचं. त्यांनी अंगठा फोनच्या कडेला टेकवला आणि तिथून बटणापर्यंतचं अंतर बोटाने दोनदा मोजलं. जुनी मोजमापाची सवय! मला हसू आलं.

सोमवार, १० मार्च

शंकासुराचं तोंड काळं होवो. अगदी तो म्हणाला तसंच झालं.

शनिवारी अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. त्यात बरोबरची खूण उजवीकडे गेलीय आणि घड्याळ डावीकडे. कुणाला तरी वाटलं अंगठ्याला ते सोयीचं. माझी स्क्रिप्ट शनिवारपासून मुकाट्याने घड्याळ दाबत होती आणि मला हिरवं दाखवत होती, कारण कुठलंही दाबलं तरी पुढे तीच स्क्रीन येते. आज सहज नोंदींचं पान उघडलं म्हणून कळलं. सगळीकडे "चुकली, चुकली". एकदा घड्याळ दाबलं की अर्ध्या तासाने पुन्हा वाजतं, तेव्हाही घड्याळच दाबलं तर गोळी चुकली असं धरतात.

असं आणखी किती ठिकाणी असेल?

आता स्क्रिप्टला चित्र ओळखायला लावलंय. बरोबरची खूण जिथे असेल तिथे दाब. डेव्हलपर हवं तिथे नेऊ देत. साहेबांना यातलं काही सांगितलं नाही.

शनिवारी बाबांना डॉक्टरांकडेही नेलं होतं. रक्तदाबाची गोळी बदलली, सकाळी आठला. मी तिथेच उभ्या उभ्या अ‍ॅपमध्ये भरली आणि त्यांना म्हटलं, "आता तुम्ही काही लक्षात ठेवू नका. अ‍ॅप सांगेल तसं घ्या." त्यांच्या फोनवर नवी आवृत्ती आपोआप आली असेल. ते काय, खूण दिसतेच.

बुधवार, १२ मार्च

बाबांच्या नोंदी पाहिल्या. रविवार चुकली, सोमवार चुकली, मंगळवार चुकली, आज चुकली.

"बाबा, गोळ्या घेत नाही आहात तुम्ही."

"घेतो की."

"इथे लिहिलंय चुकली म्हणून. चार दिवस."

"मग ते चुकीचं लिहिलंय."

"अ‍ॅप खोटं बोलत नाही, बाबा. मी रोज तपासतेय ते."

ते म्हणाले, "असेल. माझंच काहीतरी होत असेल." आणि माझ्या खांद्याकडे बघत राहिले. त्यांनी असं लगेच मान्य करणं मला त्यांच्या हट्टापेक्षा जास्त लागलं.

फोन पुन्हा बडबडत होता. बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून सुरू करून आणलं म्हणे. मी पुन्हा बंद करायला गेले तर बाबांनी पहिल्यांदाच आवाज चढवला, "राहू दे म्हटलं ना!"

गुरुवार, १३ मार्च

आज ऑफिसला दीड तास उशिरा गेले. साडेआठला बाबा म्हणाले, घेतली. नोंदीत: चुकली. मी गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास दिला. "माझ्यासमोर घ्या." लहान मुलासारखी घेतली त्यांनी.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "मी दार उघडून आत आलो तर बाबांनी मला विचारलं, कोण पाहिजे?"

"थट्टा केली असेल."

"थट्टा वाटली नाही."

विस्मरणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, एकवीस तारखेची. आईकडे असं कुणाला नव्हतं, बाबांकडेही नाही. हे वाक्य मी दिवसभरात दहा वेळा मनात म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च

सेहेचाळीस टेस्ट, सेहेचाळीस हिरव्या. तिन्ही फोनांवर. सही करून रिपोर्ट पाठवला. साहेबांनी पाठवण्याआधी यादीतल्या किरकोळ नोंदी काढून टाकल्या, "उगाच त्यांना फाटे फोडायला निमित्त मिळतं." मी काही बोलले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद का होत नाहीये?

रविवार, १६ मार्च

काल सकाळी बाबा पडले.

पावणेनऊच्या सुमाराला आवाज आला. पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाशी पडलेले, कपाळातून रक्त, चेहरा कागदासारखा. शुद्ध होती. म्हणाले, "उठलो आणि घर फिरलं." आम्ही दोघांनी त्यांना कसं उचललं, गाडीत कसं बसवलं, काही आठवत नाही. रस्ताभर त्यांचं मनगट धरून बसले होते आणि नाडी लागते की माझंच बोट उडतंय ते कळत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये रक्तदाब खूपच खाली. ड्युटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या. विचारलं, गोळ्या कोणत्या? मी अ‍ॅप पुढे केलं. "आठवडाभर चुकल्या आहेत, त्यामुळे झालं का?"

त्यांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं. नशिबाने पर्समध्ये कोंबलं होतं. त्यांनी रिकामे खळगे मोजले, पुन्हा मोजले. "सात दिवसांत पंधरा गोळ्या गेल्यात. चुकल्या नाहीत, दुप्पट गेल्यात."

बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "दोनदा वाजतं ना. आठला आणि साडेआठला. वाजलं की घ्यायची. मला वाटलं डॉक्टरांनी वाढवली."

"आणि बटण कुठलं दाबता?"

"डावीकडचं. तू सांगितलंस ते."

रोज दोन, सात दिवसांच्या चौदा. पंधरावी गुरुवारी मी माझ्या हाताने दिली होती.

मी म्हटलं, "पण बाबा, खूण उजवीकडे गेलीय. दिसत नाही का?"

डॉक्टर त्यांच्या जवळ गेल्या, समोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे विचारलं, "आजोबा, माझा चेहरा कसा दिसतो?"

बाबांनी मान जरा कलती केली. "दिसत नाही. मधे डाग आहे. बाजूला बघितलं तर तुमचा कान दिसतो."

"केव्हापासून?"

"डावा बरेच दिवस. उजवा इथे आल्यावर… दोन महिने असतील."

मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. माझ्या हातात त्यांचा फोन होता. बोट लागलं आणि तो बोलला, "बटण." बोट सरकवलं. "बटण."

संध्याकाळी धीर करून विचारलं, "मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तू रोज दारात चपला घालताना विचारतेस, बाबा, बरे आहात ना? त्या प्रश्नात 'हो' एवढंच मावतं." मग म्हणाले, "आणि तुझ्या आईचं सगळं तूच उरकलंस. लगेच दुसरं माणूस कुठे गळ्यात घालू?"

सोमवार, १७ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. पाच तारखेपासूनचं. जागेवरून दाबलेलं, मग चित्रावरून दाबलेलं, "किरकोळ" लिहिलेलं. रिपोर्ट मागे घ्यायचाय, असं मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वडिलांचं वाईट वाटतं. खरंच. पण सही तुझी आहे. मागे घेतलीस तर आपल्याला पुन्हा काम कोण देईल? अ‍ॅपमध्ये चूक नाही, ते ठरल्याप्रमाणे चालतं."

"ठरल्याप्रमाणेच चालतं," मी म्हटलं. "बाबा ठरल्याप्रमाणेच पडले."

इतकं उद्धट मी अकरा वर्षांत बोलले नव्हते. ते म्हणाले, गुरुवारी क्लायंटकडे बैठक आहे, काय सांगायचं ते तूच सांग. नोकरी आहे की गेली ते मला कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

मंगळवार, १८ मार्च

बाबा घरी आले. मी म्हटलं, गुरुवारी माझ्याबरोबर चला, तुम्ही फोन कसा वापरता ते त्यांना दाखवू.

"मला नमुना म्हणून नेणार?" त्यांनी एवढंच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग म्हणाले, "मी येणार नाही. पण बस, लिहून घे." आणि डोळे मिटून एकेक सांगत गेले. "स्क्रीन काळी करून चालतं का बघ. अक्षर सगळ्यात मोठं करून बघ. दोन गोळ्यांची वेळ एकच असेल तर फोन कुठल्या गोळीचं नाव घेतो? घेतो का मुळात? चुकीचं दाबलं तर परत फिरता येतं का? आणि दोनदा वाजलं, तर दुसऱ्यांदा वाजतंय हे सांगतो का?" निरीक्षकाचा आवाज. हा आवाज मी लहानपणी ऐकला होता, नंतर विसरले होते. दोन पानं भरली.

काल आणि आज शंकासूर न सांगता माझ्याबरोबर काम करतोय. जागा नाही, चित्र नाही, स्क्रिप्टने फक्त नावावरून चालायचं, असं सगळं नव्याने लिहितोय आम्ही.

गुरुवार, २० मार्च

मोठी खोली, लांब टेबल. क्लायंटकडच्या बाई, त्यांच्याकडचे तिघं, दोन डेव्हलपर, साहेब, मी.

आधी पाच तारखेची नोंद वाचून दाखवली. "हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी किरकोळ लिहिलं. ती चूक माझी." साहेबांनी खाली बघितलं. मग सांगितलं, फक्त नावांवर चालवल्यावर सेहेचाळीसपैकी एकतीस टेस्ट लाल येतात. मग बाबांचा फोन टेबलावर ठेवला, स्क्रीन काळी केली, गोळीची आठवण वाजवली आणि बाईंना म्हटलं, "गोळी घेतल्याची नोंद करा."

बाईंनी बोट ठेवलं. "बटण," फोन म्हणाला. सरकवलं. "बटण." त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यावर आल्या. "बटण." शेवटी एक दाबलं. स्क्रीन उजळली. घड्याळ.

एक डेव्हलपर म्हणाला, "पण असे वापरणारे असून असून किती असतील?"

बाई त्याच्याकडे वळल्या. "आपण औषधांचं अ‍ॅप काढतोय. रोज गोळ्या कोण घेतं?"

मग मला म्हणाल्या, "वडील कसे आहेत?" मी "बरे आहेत" म्हणणार होते. म्हटलं, "कपाळाला चार टाके आहेत. डोळ्यांचं उद्या कळेल."

चोवीस तारीख रद्द झाली. नावं घालून, बाबांची दोन पानं पूर्ण करूनच अ‍ॅप बाहेर काढायचं. डेव्हलपर जाताना म्हणाला, नावं घालणं दोन-तीन तासांचं काम आहे. मला रडावं की त्याला मारावं ते कळेना.

परतल्यावर गाडीतून उतरताना साहेब म्हणाले, "सोमवारी लवकर ये. ती नावांवरची टेस्ट आपण बाकीच्या कामांनाही लावू."

शुक्रवार, २१ मार्च

विस्मरणाच्या डॉक्टरांची वेळ रद्द करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. पडद्याच्या मधल्या भागाचा आजार. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, महिन्याला एक. आहे तेवढं टिकेल अशी आशा. डाव्याचं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तो परत येणार नाही. आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

बाबांना कसं सांगायचं? गाडीत तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

सोमवार, २४ मार्च

सांगितलं. म्हणाले, "डाव्याचं मला माहीत होतं. तुला सांगायला एवढे दिवस लागले याचंच वाईट वाटतं, तुझ्यासाठी." मी रडले, त्यांनी पाठीवर हात ठेवला. हात आधी हवेत गेला, मग पाठ सापडली.

रविवार, २० एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. अ‍ॅप गेल्या सोमवारी बाहेर पडलं. बाबांचं दुसरं इंजेक्शन झालं, उजवा डोळा होता तिथेच आहे. रोज सकाळी फोन गोळीचं नाव घेतो आणि मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी असते. अजूनही.

डोळ्यांच्या हॉस्पिटलमधल्या शिक्षिका आठवड्यातून दोनदा येतात, काठीने चालायला शिकवतात. आज त्या नव्हत्या. दुपारी चारला बाबा चपला घालून उभे राहिले. "कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतो. एकटा."

"मी येते मागे."

"नाही."

"दहा पावलं मागे. बोलणार नाही."

"मला ऐकू येतं अजून. तू नको."

मी फाटकापाशी उभी राहिले. ते भिंतीच्या कडेने निघाले. काठी पायरीला लागली, थांबले, उतरले. एक सायकल वेगाने आली, गेली. एका ठिकाणी उभ्या केलेल्या मोटरसायकलला काठी अडखळली. ते तिथे इतका वेळ थांबले की मी फाटकाची कडी काढली. मग तिला वळसा घालून पुढे गेले. कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले.

हाक तोंडाशी आली होती. मारली नाही. कडी हातात धरून, रस्त्याच्या त्या रिकाम्या वळणाकडे बघत उभी राहिले.

बारा मिनिटांनी काठीचा आवाज आला.